पाना बसेना, बोल्ट निघेना

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. गाडी इंग्लंडची. तिच्या इंजिनातला बोल्ट फ्रेंच मापाचा. त्या बोल्टाचं डोकं मात्र पुन्हा इंग्रजी मापाचं! आणि हा असा तिरपागडा बोल्ट अडकून बसलाय आपल्या भोसरीत. सांगा पाहू, त्याला कुठला पाना लावायचा?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती, आणि ती चांगलीच अंगाशी आली. ती फजितीच आज सांगणार आहे.

माझे दाजी भोसरीला राहतात. एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल आणि चार माणसं. दिवसभर मोठ्या कारखान्यांसाठी पिना, बुश, स्पेसर असले बारीकसारीक भाग तयार होतात. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. आजूबाजूच्या प्रेसची धडधड थांबली की दाजी शटर अर्धं वर करून आत शिरतात आणि कोपऱ्यातली ताडपत्री दूर करतात. खाली उभी असते त्यांची लाडकी, १९३६ सालची मॉरिस एट. पुढे दोन मोठे गोल दिवे, बाजूला पाय ठेवायची फळी, आणि वास म्हणाल तर जुन्या कपाटासारखा. माझी आठवीतली भाची तिला ‘पणजी’ म्हणते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, तर भाचीनं आल्या आल्या प्रश्न टाकला, “मामा, हिच्या नावात आठ कशाचे? चाकं तर चारच आहेत!”

“आठ घोडे,” मी ऐटीत म्हणालो. “म्हणजे आठ हॉर्सपॉवर.”

“पण पप्पा तर म्हणतात, हिची ताकद वीस घोड्यांच्या वर आहे!”

झाली का पंचाईत! दाजी गालातल्या गालात हसत होते. मग त्यांनीच खुलासा केला. इंग्लंडमध्ये १९२१ पासून गाडीवरचा कर घोड्यांच्या हिशेबानं लागायचा. एका घोड्याला एक पौंड. पण हे घोडे मोजायची रीत मोठी मजेशीर होती. इंजिन चालवून बघायचंच नाही! फक्त सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडर जितके असतील तितक्यांनी गुणायचं आणि अडीचनं भागायचं. झाले घोडे!

मॉरिसच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, म्हणजे २.२४४ इंच. त्याचा वर्ग साधारण ५.०४. गुणिले चार, भागिले अडीच. वही काढा आणि करून बघा. आठाच्या किंचित वर उत्तर येतं की नाही? आता गंमत अशी, की पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली किती अंतर जातो, हे या हिशेबात कुठेच नाही. मग इंग्रज कारखानदारांनी काय केलं असेल? सिलिंडर बारीक ठेवले आणि उंच केले. मॉरिसचा पिस्टन ५७ मिलिमीटरच्या नळकांड्यात चांगला ९० मिलिमीटर पळतो. ताकद वाढली, कर तेवढाच! म्हणजे ‘एट’ हा काही गाडीच्या ताकदीचा आकडा नव्हे. तो आहे कराच्या पावतीचा आकडा. दुसरं महायुद्ध संपल्यावर ही पद्धत गेली, पण गाडीच्या नावातले आठ घोडे काही गेले नाहीत.

असो. आपण बोल्टाकडे वळू.

दाजींनी इंजिनाच्या बाजूचं एक झाकण उघडायला घेतलं होतं. भिंतीवर पाने ओळीनं टांगलेले होते. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. सगळे मिलिमीटरचे. त्यातही इथला इतिहास आहे बरं का! टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ साली ट्रक बनवायला जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी हात मिळवले. बजाजच्या स्कूटर आल्या इटलीच्या पियाजिओ कंपनीकडून. जर्मनी काय, इटली काय, दोघंही पहिल्यापासून मिलिमीटरवाले. १९६०च्या दशकात पिंपरी-आकुर्डीकडे हे कारखाने उभे राहिले. मग त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं भोसरीत वाढली, ती मिलिमीटरातच. त्यामुळे इथल्या पोराला डोळे बांधून विचारलं तरी तो हाताच्या अंदाजानं तेराचा पाना ओळखेल.

तर दाजींनी तेराचा पाना लावला. बसेना. चौदाचा लावला. बसला, पण डुगडुगायला लागला. असा ढिला पाना जोर लावून फिरवला की बोल्टाचे कोपरे झिजतात आणि षट्कोनाचा पार लाडू होऊन जातो. मग त्याला कोणताच पाना लागत नाही. म्हणून दाजींनी हात आखडता घेतला. खालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेला एक काळा, जाडजूड पाना काढला. पुण्याचा जुना बाजार माहीत आहे ना, रविवारी आणि बुधवारी भरतो तो? तिथला हा माल. पान्यावर एका बाजूला कोरलं होतं ‘१/४ डब्ल्यू’ आणि त्याच्याच शेजारी ‘५/१६ बीएस’.

भाचीनं लगेच पट्टी लावली. “पाव इंच? अहो पप्पा, हे तोंड तर अर्ध्या इंचाहून मोठं आहे!”

तिचं बरोबर होतं. हा जो ‘डब्ल्यू’ आहे ना, तो व्हिटवर्थचा. जोसेफ व्हिटवर्थ हा इंग्लंडमधला नामांकित यंत्रकार. त्याच्या आधी तिथे दर कारखान्याचे आटे निराळे. एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टाला बसायचा नाही. १८४१ साली व्हिटवर्थनं सुचवलं, की अमुक जाडीच्या बोल्टाला इंचात अमुक इतकेच आटे असावेत आणि आट्याचा कोन सगळीकडे ५५ अंशांचाच असावा. पुढे साऱ्या इंग्लंडनं ते मान्य केलं. पुढे १९०८ साली त्याच घराण्यातला, पण जवळजवळ आटे असलेला एक धाकटा भाऊ आला. त्याला म्हणतात बीएसएफ. पान्यावरचं ‘बीएस’ ते त्याचंच.

आता या पान्यांची गोम अशी, की त्यांना नाव दिलं जायचं बोल्टाच्या अंगाच्या जाडीवरून, डोक्याच्या रुंदीवरून नाही. म्हणजे टोपीच्या दुकानात टोपीवर शर्टाचं माप लिहिलेलं असावं, तशातला प्रकार! आमच्या पान्याचं तोंड होतं ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. तेराला ते मोठं, चौदाला लहान. आणि त्याच्यावर कोरलेली मापं दोन, पाव इंच आणि ५/१६ इंच. दोन्हींपैकी एकही त्या तोंडाचं नाही!

पण पाना मात्र असा बसला, की जणू त्याच बोल्टासाठी जन्मला होता. एकेक करत पाच बोल्ट निघाले. सहावा मोडकाच होता. कोणीतरी पूर्वी कधी त्याच्यावर छिन्नी चालवलेली दिसत होती. तो कसाबसा काढला. त्याच्या जागी नवीन घालणं भाग होतं.

इथे मी पुढे सरसावलो. व्हर्नियर घेतला आणि जुन्या बोल्टाची जाडी मोजली. ७.९ मिलिमीटरच्या जरा वर. मनात हिशेब केला, ५/१६ इंच म्हणजे २५.४ गुणिले ५ भागिले १६, उत्तर ७.९४. वा! गाडी इंग्रज, पाना इंग्रज, पान्यावर ५/१६ लिहिलेलं, बोल्टही ५/१६. शंकाच नको. दाजींच्या डब्यात ५/१६ बीएसएफचा एक बोल्ट पडलाच होता. तो उचलला आणि भोकात घालून फिरवायला लागलो. दाजी चहा सांगायला बाहेर गेले होते.

पहिला वेढा बोटानंच गेला. दुसऱ्याला बोल्ट आवळायला लागला. ‘गंज असेल,’ मी म्हटलं. तेल सोडलं, पाना लावला आणि जरा जोर दिला. ‘कर्र’ असा आवाज आला आणि मग एकदम बोल्ट हलका फिरायला लागला.

वर्कशॉपमधल्या कुठल्याही माणसाला विचारा, बोल्ट असा एकाएकी हलका झाला की पोटात गोळा येतो. आटे गेले! आणि नुसत्या बोल्टाचे गेले असते तर कोण रडतंय? दुसरा बोल्ट मिळाला असता. इथे भोकातले आटे गेले होते. ब्लॉक बिडाचा, जवळपास नव्वद वर्षांचा. असा ब्लॉक आता कोणी ओतत नाही.

दाजी आले, वाकून बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, “पाव्हणं, काकांना येऊ द्या आता.”

काका म्हणजे टर्नर काका. उभा जन्म लेथवर काढलेले. आता रिटायर झालेत, पण गुरुवारी दाजींकडे चहाला येतात आणि चहा पिऊन झाला की गाडीपाशी दोन तास रमतात. त्यांची बोली ऐकण्यासारखी असते. ड्रॉइंग मिलिमीटरचं, मशीन मिलिमीटरचं, पण तोंडात मात्र ‘दोन सूत पुढं घे’ आणि ‘एक थाऊ काढ’! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा. आपल्या देशात १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापं यायला लागली, पण सूत काही गेलं नाही. तुमच्या घराचं बांधकाम चालू असेल तर गवंडीकाकांना विचारा, ते ‘तीन सुती सळई’च म्हणतील. हिशेबानं तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर. पण दुकानात त्या नावानं मिळते ती सळई १० मिलिमीटरची! सोनाराचा तोळाही तसाच. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आज तोळा म्हणून बोलतात ते १० ग्रॅमला. नाव आजोबांचं, माप नातवाचं.

तर काका आले. त्यांनी मोडका बोल्ट उजेडात धरला. खिशातून पात्यांचा जुडगा काढला. त्याला पिच गेज म्हणतात. प्रत्येक पात्याला करवतीसारखे दाते असतात, आणि जे पातं आट्यांत फट न ठेवता बसेल ते त्या आट्याचं माप. इंचाची दोन-तीन पाती लावून पाहिली. उजेड दिसत होता. मग मिलिमीटरची पाती काढली. १.२५ चं बसलं नाही. १.०० चं पातं मात्र चपखल बसलं.

“आठ बाय एक,” काका म्हणाले. “अंग मिलिमीटरचं आहे. हा इंग्रज नाही.”

“इंग्लंडच्या गाडीत?” मी म्हणालो.

“गाडी इंग्लंडची असंल. ज्या मशिनीवर हा बोल्ट झाला ती कुठली, ते बघा.”

काका बोलले ते तंतोतंत खरं निघालं. बेंजामिन हॉचकिस नावाच्या एका अमेरिकन माणसानं फ्रान्समध्ये पॅरिसजवळ बंदुका-तोफांचा कारखाना काढला होता. तो माणूस गेला, पण कारखाना चालू राहिला. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन सैन्य पॅरिसच्या जवळ येऊन ठेपलं. कारखाना शत्रूच्या हाती पडला तर? म्हणून कंपनीनं इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्री गावात दुसरा कारखाना उभारला. मशिनं फ्रेंच, मापंही फ्रेंच, म्हणजे मिलिमीटरची. युद्ध संपलं, बंदुकांची मागणी आटली. आता काय करायचं? तेव्हा विल्यम मॉरिसला आपल्या गाड्यांसाठी इंजिनं हवीच होती. हॉचकिसनं ती बनवून दिली, आणि १९२३ साली मॉरिसनं तो कारखानाच विकत घेऊन टाकला.

पण मशिनं तर मिलिमीटरचे आटे पाडणारी. सगळी बदलायची म्हणजे किती पैसा जाणार! आणि बदलली नाहीत तर गावोगावच्या इंग्रज मेकॅनिकांकडे मिलिमीटरचे पाने कुठे होते? मग असा तोडगा निघाला, की बोल्टाचं अंग फ्रेंच राहू द्या, डोकं तेवढं व्हिटवर्थच्या पान्याचं करा. वरून पाहणाऱ्याला वाटावं, अस्सल इंग्रज बोल्ट आहे! अगदी १९५०च्या दशकापर्यंत मॉरिसच्या आणि त्यांच्याच घरातल्या एमजी गाड्यांच्या कितीतरी इंजिनांत हे असे बोल्ट बसत राहिले. जुन्या गाड्यांचे इंग्लंडमधले शौकीन या आट्यांना आजही ‘वेडे मेट्रिक’ म्हणतात.

त्यात आणखी एक मेख आहे. भोसरीतल्या कुठल्याही दुकानात आठ मिलिमीटरचा बोल्ट मागा, मिळेल तो सव्वा मिलिमीटर आट्याचा. म्हणजे एका आट्यापासून दुसरा आटा १.२५ मिलिमीटरवर. फ्रेंच बोल्टाचा आटा एक मिलिमीटरवर. दोघेही आठ मिलिमीटरचे, दोघेही मेट्रिक, तरी एकमेकांना बसायचे नाहीत. मी घातलेला ५/१६ बीएसएफ तर तिसराच. त्याला इंचात २२ आटे, म्हणजे १.१५ मिलिमीटरला एक. जाडीतला फरक किती होता, तर सहा शतांश मिलिमीटर, साधारण एका केसाइतका. म्हणून बोल्ट भोकात शिरला. आट्यातला फरक होता ०.१५ मिलिमीटर. एका वेढ्यात तो कळला नाही. दुसऱ्या वेढ्याला ०.३० झाला, तिसऱ्याला ०.४५. तेवढ्यात बोल्टाचा दाता भोकाच्या दात्यावर चढून बसला, आणि मी म्हणतोय, गंज असेल!

मला मनापासून वाटलं ते सांगतो. बोल्ट दहा मिलिमीटरचा असता तर तो भोकात शिरलाच नसता. सहाचा असता तर आत खुळखुळला असता. दोन्ही वेळी काहीच बिघडलं नसतं. दगा दिला तो जवळपास बसणाऱ्या मापानं.

हे नुसतं जुन्या गाड्यांपुरतं नाही हं. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालं. त्याच्या पायलटसमोरची काच आदल्याच दिवशी बदलली होती. काचेला ९० बोल्ट. नवे बोल्ट निवडताना पुस्तकातलं माप पाहिलं नाही. जुना बोल्ट शेजारी धरून डोळ्यांनी ताडून घेतले. त्यातले ८४ बोल्ट जाडीला ०.६६ मिलिमीटर कमी होते. ते भोकात गेले, आवळलेही गेले. विमान उंच गेलं, आतल्या हवेचा दाब काचेवर आला आणि काच उडाली! कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. आतल्या माणसांनी त्यांचे पाय धरून ठेवले, दुसऱ्या पायलटनं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. नशिबानं सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. पाऊण मिलिमीटरही फरक नव्हता, दोस्तांनो.

दाजींच्या ‘पणजी’त तर मापांची जत्राच भरली आहे. इंजिनाचं अंग फ्रेंच. चासीचे बोल्ट बीएसएफ, म्हणजे अस्सल इंचाचे. दिव्यांच्या आणि वायरींच्या बारक्या स्क्रूंना म्हणतात बीए. ही पद्धत ब्रिटिश असोसिएशन या विद्वानांच्या संस्थेनं १८८४ साली ठरवली. म्हणजे इंचाची असणार? छे! ती मिलिमीटरची, मूळ स्वित्झर्लंडची. आणि नंबर उलटे. शून्य नंबरचा स्क्रू सगळ्यांत मोठा, ६ मिलिमीटरचा, त्याचा आटा एक मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक नंबरचा आटा आधीच्याच्या नऊ दशांश. नंबर वाढेल तसा स्क्रू बारीक. पत्र्याच्या गेजचंही असंच उलटं, अठरा गेजचा पत्रा वीस गेजच्या पत्र्यापेक्षा जाड. भाचीनं प्रत्येक जातीचे बोल्ट वेगवेगळ्या श्रीखंडाच्या डब्यांत घातले आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रेंच डब्यावर तिनं लिहिलं, ‘मामांनी हात लावू नये.’

आता भोकाचं काय? सोपा उपाय होता, भोक मोठं करायचं आणि दहाचा आधुनिक बोल्ट ठोकायचा. मी तसं सुचवलं. दाजींनी नकारार्थी मान हलवली. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ साली वेगळे नियम केले आहेत. चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल न करता मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. एका बोल्टानं काही नंबर नाकारला जात नाही म्हणा. पण दाजींचं म्हणणं, आज एक, उद्या दोन, असं करत करत मॉरिसची भोसरी एट होईल.

काकांनी मधला मार्ग काढला. खराब भोक बारा मिलिमीटरपर्यंत मोठं केलं, त्यात आटे पाडले आणि आतून पोकळ असा एक लोखंडी बुश घट्ट बसवला. बुशाच्या बाहेरचे आटे आजचे, आतले आटे आठ बाय एक, १९३६ सालचेच. वरून पाहिलं तर काही कळत नाही. मग बोल्ट. त्याचं डोकं १३.३ मिलिमीटरचं पाहिजे. चौदाची षट्कोनी सळई घेतली आणि मिलिंगवर सहाही बाजू थोड्या थोड्या खरवडल्या. जुन्या बाजारातला तो काळा पाना त्याच्यावर ‘टक्’ करून बसला, तेव्हा भाचीनं टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं संपलं. पण चासीचा एक बोल्टही झिजलेला होता, ३/८ बीएसएफचा. त्याला इंचात २० आटे, म्हणजे एक आटा १.२७ मिलिमीटरचा. इंचाचा बोल्ट आणि मशीन मिलिमीटरचं! लेथवर आटे कसे पडतात माहीत आहे? सळई गोल फिरते आणि त्याच वेळी हत्यार बाजूला सरकतं. सळईच्या एका फेरीत हत्यार किती सरकायचं, ते मधली दातेरी चाकं ठरवतात. चाकांच्या दात्यांचं गुणोत्तर बदललं की आटा बदलतो. दाजींच्या लेथवर १.२५ चा आटा एका खटक्यात मिळतो.

“१.२५ आणि १.२७, दोन शतांशाचा तर फरक,” मी म्हणालो. आणि लगेच जीभ चावली. काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. वीस आट्यांच्या बोल्टात दोन शतांशाचे चाळीस शतांश होतात. म्हणजे पुन्हा ‘कर्र’!

काकांनी लेथच्या मागून एक भलंमोठं, ताटाएवढं दातेरी चाक काढलं. धूळ पुसली. त्याला १२७ दाते होते. भाचीनं मोजले, दोनदा.

१२७च का? कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. अगदी बरोबर २५.४, पुढे काही नाही. हे १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि आणखी काही देशांनी मिळून ठरवलं. त्याआधी अमेरिकेचा इंच आणि इंग्लंडचा इंचसुद्धा किंचित वेगळे होते, सुमारे केसाच्या हजाराव्या भागाइतके! आता २५४ चे अवयव पाडा. २ गुणिले १२७. आणि १२७ ही मूळ संख्या. तिचे तुकडे पडत नाहीत. म्हणून मिलिमीटरच्या लेथवर इंचाचा आटा अचूक पाडायचा तर १२७ दात्यांचं चाक लागतंच. १२५ किंवा १२६ दात्यांवर भागत नाही. तुमच्या पुस्तकातली मूळ संख्या भोसरीतल्या लेथच्या मागे अशी धूळ खात बसलेली असते!

चाक चढलं. हत्याराचं टोक ५५ अंशांना घासलं. संध्याकाळी साडेसहाला बोल्ट तयार झाला. दाजींनी तो चासीत घातला आणि पाना न लावता नुसत्या दोन बोटांनी फिरवत शेवटापर्यंत नेला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पाव्हणं, चहा घ्या.” सकाळपासून पहिल्यांदा हसले.

आता तुमचं काम. घरच्या किंवा शेजारच्या उभ्या गाडीचा टायर बघा, अर्थात मोठ्यांना विचारून. त्यावर १४५/७० आर १२ असं काहीतरी लिहिलेलं असेल. हे माप मारुती ८०० चं आहे. यातले १४५ आहेत मिलिमीटर, ती टायरची रुंदी. ७० हे टक्के, म्हणजे टायरच्या रबराची उंची रुंदीच्या सत्तर टक्के. आणि १२ आहेत इंच, आतल्या लोखंडी चाकाचा व्यास. एका ओळीत तीन तऱ्हा! तर सांगा, या टायरची जमिनीपासून वरपर्यंतची पूर्ण उंची किती मिलिमीटर? रबर वरही असतं आणि खालीही, हे विसरू नका. उत्तर पुढच्या अंकात. आणि घरी कुणाची जुनी चेतक असेल तर तिच्या टायरवरचं ३.५० - १० हे माप कुठल्या एककात आहे, तेही कळवा. आकुर्डीची, मिलिमीटरवाली स्कूटर आहे ती, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.